बरोबर तेहतीस मिलिमीटर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले सर्व अधिकारी, आज ज्यांच्यासाठी आपण कामधाम सोडून जमलो आहोत त्या आमच्या तपासणी अधिकारी बाई, बाईंचे यजमान, वाहन नोंदणी कार्यालयातला समस्त कर्मचारी वर्ग, आणि मागच्या दोन रांगांत एकमेकांना कोपरानं ढोसत बसलेले माझे व्यवसायबंधू, म्हणजे समोरच्या फुटपाथवरचे नंबरप्लेटवाले, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माईक जरा खाली घेतो. माझ्या आधी साहेब बोलले, त्यांची उंची आणि माझी उंची यात जरा फरक आहे. सगळ्याच अर्थानं आहे, पण आत्ता माईकपुरतं बोलतोय.

मला बोलायला उभं केलं याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटतंय. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल सहकारी बोलतात, वरिष्ठ बोलतात. पण ज्याला दंड केला, ज्याच्या दुकानाला टाळं लावलं, त्यालाच हार घालून माईकसमोर आणायचं हे कुठं पाहिलंय का तुम्ही? मी तरी नाही पाहिलेलं. आमंत्रण आलं तेव्हा मला वाटलं, आणखी काहीतरी निघालं माझ्या नावावर. घाबरत घाबरतच पाकीट फोडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या कार्यालयाच्या फाटकासमोर नंबरप्लेटची पाच दुकानं आहेत, त्यातलं तिसरं माझं. आमच्या धंद्याचा नियम अगदी साधा आहे. प्लेटवर दोन अक्षरांच्या मधली जागा अकरा मिलिमीटर. आणि अक्षरांचा गट संपून आकड्यांचा गट सुरू होतो, तिथली जागा तेहतीस मिलिमीटर. आणि खाली बारीक अक्षरांत प्लेट बनवणाऱ्या दुकानाचं नाव. संपला नियम. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण माणूस नावाचा प्राणी आहे ना, त्याला स्वतःचा नंबर नुसता नंबर म्हणून चालत नाही. त्यात त्याला स्वतःचं नाव दिसायला लागतं, बायकोचं दिसतं, आडनाव दिसतं. मग तो दुकानात येतो, इकडे तिकडे बघतो, काउंटरवर ओणवा होतो आणि हळूच म्हणतो, "जरा सरकवून द्या की."

सरकवून! आमच्या लाइनीतला हा परवलीचा शब्द. आकडा इकडचा तिकडे सरकवायचा, मधली जागा हलवायची, की नंबराचा शब्द होतो. मागच्या रांगेत आत्ता जे खोकले, त्यांना माहीत आहे मी काय म्हणतोय ते.

आणि या सरकवासरकवीची एकच वैरीण होती, आमच्या या बाई. स्टीलची पट्टी पर्समध्ये, चष्म्याच्या डबीशेजारी. फाटकाबाहेर आल्या की उभ्या गाड्यांच्या मागे खुशाल गुडघ्यावर बसायच्या आणि पट्टी लावायच्या. आम्ही पाच दुकानदार त्यांना आपसांत 'तेहतीसबाई' म्हणायचो. बाई, आज सांगून टाकतो, रागावू नका. आणि तुम्हाला ते माहीत होतं हेही मला माहीत आहे.

एकदा याच कार्यालयाच्या आवारात, राखीव जागेत उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीला त्यांनी पट्टी लावली. दोन मिलिमीटर कमी भरली. दुसऱ्या दिवशी गाडीच्या मालकाच्या टेबलावर दंडाची नोटीस. अध्यक्ष महोदय, ती गाडी कुणाची होती हे मी सांगणार नव्हतो, पण तुम्हीच हसताय तर आता काय लपवायचं?

असो. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही माझी. नऊ वर्षांपूर्वी काय झालं ते सांगतो, आणि कितीही लाज वाटली तरी सगळं सांगतो.

टाइल्सचं दुकान असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना सगळे भाई म्हणतात. ते स्वतःही स्वतःला भाई म्हणतात. तिसऱ्या रांगेत बसलेत, हात वर करा भाई! हां, तेच. त्यांच्या पांढऱ्या गाडीचा नंबर होता बी, एच, ए, मग जागा, मग एक, शून्य, सात. जुन्या मालिकेतला नंबर, तीन अक्षरं आणि तीन आकडे. आता आपल्या प्लेटवर इंग्रजी आय म्हणजे उभी रेघ आणि एकही तीच उभी रेघ. काही फरक नाही. तो एक जरा अक्षरांच्या अंगाला सरकवला की काय होतं? बी, एच, ए, आय. भाई! मग जागा, आणि शून्य सात. भाईंचा चेहरा असा फुलला, की मला नाही म्हणवेना. नाही म्हणायचं होतं कुणाला म्हणा. मला माझ्या कामाचा गर्व होता. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोन अक्षरांत जागा किती सोडायची ते त्यांनी मला हातावर छड्या मारून शिकवलं होतं.

आणि इथेच मी माती खाल्ली. इतर दुकानदार सरकवतात तेव्हा अंदाजानं सरकवतात, अर्धवट, कुठेतरी मध्येच. मी तसं करेन? माझ्या हातून वाकडं काम जाईल? मी आय झालेल्या एकाच्या आधी बरोबर अकरा मिलिमीटर ठेवले, आणि नंतर बरोबर तेहतीस. कायदा मोडला, पण पट्टी लावून मोडला. खाली दुकानाचं नाव तेवढं टाकलं नाही.

आता मंडळी, मला काय माहीत, की त्याच वर्षी नवी मालिका सुरू झाली होती. चार अक्षरं आणि दोन आकडे. बी, एच, ए, आय, शून्य, सात हा खराखुरा नंबर सरकारनं रीतसर कुणाला तरी दिलेला होता. अर्धवट सरकवलेली प्लेट असती तर रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला ती कळली नसती, त्यानं ती बाजूला काढली असती, कुणीतरी माणसानं डोळ्यांनी पाहिली असती. माझी प्लेट त्यानं बिनतक्रार वाचली. भाई गाडी हाणायचे सुसाट. आणि नोटिसा जायच्या दुसरीकडे.

माझ्या आईच्या पायाला त्या दिवसांत जखम होती, काही केल्या भरत नव्हती. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या एक सिस्टर दर दोन-तीन दिवसांनी यायच्या. बोलक्या. आईला मावशी म्हणायच्या, मला दादा. एका गुरुवारी आल्या त्या गप्पच. आईनं विचारलं, "काय गं, आज तोंडाला कुलूप?" तशी त्यांनी पिशवीतून कागद काढले. वेगमर्यादा मोडल्याच्या नोटिसा. दोन महिन्यांत सात.

"मावशी, मी त्या पुलावरून कधी गेलेच नाही हो! पण फोटोत गाडी पांढरी, नंबर माझाच. हे बघा, बी, एच, ए, आय, शून्य सात. सोमवारी सुनावणी आहे. लायसन्स गेलं की संपलं. सोळा घरं आहेत माझ्याकडे, बसनं कशी पुरी पडणार मी? नोकरीच जाईल."

मी गरम पाण्याचं पातेलं घेऊन दारात उभा होतो. फोटोवर नजर गेली मात्र, पातेलं तिथेच खाली ठेवलं. स्वतःचं अक्षर माणूस ओळखतो ना, तसं मी ते ओळखलं.

मी काय केलं असेल? तिथल्या तिथे सांगितलं असेल? छे! मी भाईंना फोन केला. त्याच संध्याकाळी त्यांची गाडी दुकानात बोलावली, सरळ, कायदेशीर प्लेट लावून दिली, खाली झोकात माझ्या दुकानाचं नाव टाकलं, आणि सरकवलेली प्लेट काढून काउंटरखाली कोंबली. मनाला सांगितलं, चला, आता पुढच्या नोटिसा तरी सिस्टरांना जाणार नाहीत. केलं की नाही आपण चांगलं काम? माणूस स्वतःला किती सफाईनं गंडवतो बघा. पुरावा लपवला होता मी, दुसरं काही नाही.

शनिवारी बाई दुकानात आल्या. सिस्टरांनी कार्यालयात दहा जणांपुढे रडगाणं गायलं होतं. दहाही जणांनी सांगितलं होतं, फोटोत नंबर तुमचाच आहे. बाईंनी तो फोटो मोठा करून आणला होता. काउंटरवर ठेवला आणि पट्टी काढली.

"या प्लेटवर खाली बनवणाऱ्याचं नाव नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टरांच्या गाडीवरच्या प्लेटवर आहे. म्हणजे ही गाडी दुसरी. मी जुन्या मालिकेत शोधलं, टाइल्सवाल्यांपर्यंत पोचले. त्यांच्या गाडीवर कोरी करकरीत प्लेट आहे, तुमच्या दुकानाची. जुनी कुठंय?"

"खरचटली होती, बाई. भंगारात गेली."

खोटं बोललो. प्लेट त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती, मध्ये फक्त काउंटरची फळी.

त्यांनी फोटोतल्या जागा मोजल्या. लहान जागेच्या बरोबर तिप्पट मोठी जागा. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकं बरोबर चुकलेलं मी आजवर पाहिलेलं नाही." पट्टी पर्समध्ये ठेवली. जाताना पायरीवर थांबल्या. "सोमवारी अकराला सुनावणी आहे. मी बोलले तर तो अंदाज. ज्यानं केलं तो बोलला तर पुरावा." आणि गेल्या. मी म्हटलं, सुटलो बुवा.

रविवारी सिस्टर आल्या. आल्या त्या मला म्हणाल्या, "दादा, हात धुऊन या आणि शेजारी बसा. बघून ठेवा. पुढच्या आठवड्यापासून तुम्हालाच करायचंय बहुतेक." आणि मला शिकवायला लागल्या हो! जखम आतून बाहेर पुसायची, गॉज ओला करायचा, पट्टी किती घट्ट, किती सैल. मी आईच्या पायावर पट्टी गुंडाळली. सिस्टर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वा दादा! तुमचा हात किती नेटका आहे."

मंडळी, मला आयुष्यात खूप शिव्या मिळाल्यात. गिऱ्हाइकांच्या, बायकोच्या, वडिलांच्या तर रोजच्या. पण कुठलीच शिवी मला त्या एका कौतुकाएवढी लागली नाही.

त्या गेल्यावर आईनं मला हाक मारली. "काय झालंय तुला? सकाळपासून घास गिळवत नाहीये तुला. मी काय आंधळी आहे?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आई म्हणेल, दुकान जाईल रे, गप्प बस. आईनं पायावरची मी बांधलेली पट्टी एकदा चाचपली आणि म्हणाली, "उद्या दाढी कर आणि जा." बस. एवढंच.

सोमवारी अकराला दहा कमी असताना मी खालच्या मजल्यावरच्या सुनावणीच्या खोलीत शिरलो. सिस्टर बाकावर बसल्या होत्या, त्यांना वाटलं मी त्यांच्या सोबतीला आलोय. "अय्या दादा, कशाला दुकान बंद ठेवून आलात?" असं म्हणाल्या त्या मला! मी पिशवीतून प्लेट काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणालो, ही मी केली, लपवलीही मीच, आणि शनिवारी बाईंशी खोटं बोललो तोही मीच. सिस्टरांकडे मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

सिस्टर सुटल्या. सातही नोटिसा रद्द. भाईंना दंड झाला आणि त्यांचा तो लाडका नंबर सरकारनं कायमचा काढून घेतला. वर्षभर ते माझ्याशी बोलत नव्हते. आता त्यांच्या गाडीवर असा नंबर आहे, की तो उलटा, सुलटा, कसाही वाचा, काही म्हणजे काही अर्थ निघत नाही. आता गाडी हळू चालवतात म्हणे. आणि मला दंड, शिवाय सहा महिने दुकान बंद. टाळं लावायला बाई स्वतः आल्या. शटरवर नोटीस चिकटवली. तीही मेली अशी काटेकोर सरळ, की मला बघून संताप आला.

खोटं कशाला बोलू, फार राग होता मला बाईंचा. मी आपण होऊन गेलो, तरी हिला दयामाया नाही? सहा महिने वडिलांचे जुने ब्रश काढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या. सिस्टर मात्र त्याच आठवड्यात आईच्या ड्रेसिंगला आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "दादा, पाणी गार आहे, पुन्हा तापवा." मला त्या दिवशी कुणी राज्य दिलं असतं तरी नको होतं. आईचा पाय बरा झाला. पुढे चार वर्षं ती चालत दुकानात यायची, काउंटरपाशी खुर्ची टाकून बसायची. कुणी "सरकवून द्या" म्हणालं, की माझ्याआधी तीच ओरडायची, "चल, हो बाहेर!"

शिक्षेच्या कागदावर एक ओळ होती. 'सदर दुकानदार स्वतःहून हजर झाला.' या ओळीमुळे माझी नोंदणी कायमची रद्द न होता सहा महिन्यांवर भागलं. पुरावा लपवणाऱ्याचं दुकान एरवी कायमचं बंद होतं. मग काय विचारता! नऊ वर्षं मी ती ओळ मिरवतोय. नवा दुकानदार आला की त्याला ऐकवतो, गिऱ्हाइकाला ऐकवतो, केस कापणाऱ्याला ऐकवतो. मी स्वतःहून गेलो होतो! माझे हे मागे बसलेले बंधू मला 'स्वतःहून' याच नावानं हाक मारतात. हसा, हसा.

आज मी बाईंचे आभार मानणार होतो ते दंडाबद्दल. असं भाषण लिहूनही आणलं होतं. ते खिशातच आहे आणि खिशातच राहणार, कारण या मंगळवारी वेगळंच घडलं.

बाई निवृत्त होणार म्हणून त्यांचं कपाट रिकामं करायचं काम चाललं होतं. हेडक्लार्कना एका फायलीत जुना अहवाल सापडला. त्यांनी बाईंना दाखवला. बाई म्हणाल्या, "फाडून टाका." हेडक्लार्कनी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांचं ऐकलं नाही. रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले, कागद काउंटरवर ठेवला, आणि चहासुद्धा न घेता गेले.

बाईंच्या हातचा अहवाल. खाली सही, आणि तारीख त्या शनिवारची. माझं नाव, दुकानाचा क्रमांक, टाइल्सवाल्यांचं नाव, प्लेट कुणी केली, कधी बदलली, सगळं. 'मूळ प्लेट दुकानात काउंटरखाली असण्याची शक्यता आहे,' इथपर्यंत. म्हणजे ती फळी त्यांच्या आणि प्लेटच्या मध्ये असताना त्यांना माहीत होतं! वाकून हात घातला असता तर तिथेच सापडलो असतो मी. आणि समासात पेन्सिलीनं एक ओळ आहे. अध्यक्ष महोदय, तेवढी एक वाचायची परवानगी द्या.

'सोमवारी अकरापर्यंत हा इसम स्वतःहून आला नाही, तरच सादर करावा. येईल असे वाटते.'

येईल असे वाटते.

बाई, मी त्या शनिवारी मनात काय म्हणत होतो, माहीत आहे? सुटलो म्हणत होतो. मला स्वतःला वाटत नव्हतं हो, की मी येईन. रविवारी दुपारपर्यंत नव्हतं वाटत. माझ्या बायकोला वाटलं नसतं, या माझ्या बंधूंना तर मुळीच नसतं वाटलं. जिच्या तोंडावर मी नुकताच खोटं बोललो होतो, ती बाई टेबलाशी बसून लिहिते की हा येईल. आणि नऊ वर्षं मी गावभर छाती काढून स्वतःच्या प्रामाणिकपणाच्या गोष्टी सांगतोय, तर हीच बाई फाटकातून येता-जाता एकदासुद्धा म्हणत नाही, की अरे गप्प बस, मला आधीच ठाऊक होतं.

दंड तर तुम्ही शेकडो लोकांना केलात बाई, त्याबद्दल बाकीचे आभार मानतील. मी त्या शनिवार ते सोमवारबद्दल मानतो.

अध्यक्ष महोदय, वेळेचं भान राहिलं नाही. कार्यक्रम ठेवल्याबद्दल कार्यालयाचे, वरिष्ठांची अवज्ञा केल्याबद्दल हेडक्लार्कांचे, आणि थट्टा सोसल्याबद्दल भाईंचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं गुपित उघडं पडलं असेल, तर पोटात घाला. बाई, घरी गेल्यावर आराम करा, आणि कधी फाटकापाशी आलात तर दुकानात येऊन बसा. आईची खुर्ची तशीच आहे.

आणि बंधूंनो, एक विनंती. उद्यापासून मला 'स्वतःहून' या नावानं हाक मारू नका. ते माझं एकट्याचं नाही.